जुना डाव, नवी आवृत्ती



संगणकावरील खेळ अर्ध्यावर थांबवून जतन करता येतो. परंतु पुढे खेळाची नवी आवृत्ती निघाली, तर तिला ती जुनी नोंद वाचता येईल काय? मुलांनी वर्षानुवर्षे खपून उभारलेली घरेदारे या एका प्रश्नावर अवलंबून असतात.

स्वीडनमध्ये निर्माण झालेला ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ पाहावा. त्याच्या मूळ जावा रूपात ठोकळ्यांची नोंद अंकांनी होत असे; दगडाचा अंक १. २०१८ साली १.१३ या आवृत्तीत अंक जाऊन नावे आली. तरी जुनी जगे वाया गेली नाहीत. २०१६ पासून नोंदीतच आवृत्तीचा क्रमांक असतो. तो पाहून खेळ तिचे टप्प्याटप्प्याने रूपांतर करतो. जमिनीच्या दप्तरात एकेक फेरफार क्रमाने घेत आजचा उतारा तयार व्हावा, तसेच हे. मात्र परतीची वाट नाही. म्हणून आधी प्रत काढून ठेवणे अगत्याचे.

अनेकांनी मिळून खेळताना रूपांतरास सवड नसते. खेळाडूचा संगणक प्रथम आपला क्रमांक सांगतो. तो न जुळल्यास सर्व्हर प्रवेश नाकारतो. मुले रुसतात खरी. पण एकाला भिंत आणि दुसऱ्याला त्याच जागी मोकळी वाट दिसू लागली, तर खेळ चालावा कसा?