पाळीपाळीने अखंड



गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की सगळ्यात आधी वीणेचा पहारा ठरतो. वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. रात्री दोन ते चार कोण उभं राहणार, यावरून थोडी टोलवाटोलवीही होते. ख्रिस्ती परंपरेतली अखंड प्रार्थनाही अशीच उभी राहिली. भक्ती होतीच, पण ती टिकली पाळ्यांमुळे.

निरंतर प्रार्थना करा, असं संत पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला कळवलं. कळवणं सोपं, माणसाला झोप येते त्याचं काय? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला अलेक्झांडर नावाच्या साधूने कॉन्स्टँटिनोपलमध्ये यावर तोड काढली. मठवासीयांचे गट पाडायचे आणि एकाचं गाणं संपलं की दुसऱ्याने धरायचं. लोकांनी या मठवासीयांना 'न झोपणारे' असं नाव ठेवलं. झोपत सगळेच होते, फक्त आळीपाळीने.

पश्चिमेत अशा अखंड गायनासाठी गाजलेलं ठिकाण म्हणजे अगोन, आजच्या स्वित्झर्लंडमधलं सें-मॉरिस. ऱ्होन नदीच्या चिंचोळ्या खिंडीत, सरळसोट कड्याच्या पायथ्याशी हा मठ आहे. बर्गंडीचा राजपुत्र सिगिस्मुंड याने तो 515 साली स्थापला. पुढे तो राजा झाला, दुसऱ्या बायकोच्या सांगण्यावरून त्याने पोटच्या मुलाचा गळा आवळवला आणि मग पस्तावून अगोनला येऊन रडला. तिथलं अखंड स्तोत्रगायन त्याने या प्रायश्चित्तातून सुरू केलं, असं तूरचा बिशप ग्रेगरी लिहितो. मला ही गोष्ट जरा सोयीची वाटते. पाप राजाचं आणि रात्रीचा जागर मठवासीयांचा! तो कडा अजून मठावर दगड टाकतो. 1942 साली तर घंटेच्या मनोऱ्यावरच दरड कोसळली. मठ मात्र 1500 वर्षांत बंद पडलेला नाही.

मला जास्त भावते ती जर्मनीतल्या सॅक्सनीतल्या हेर्नहूटची हकिकत, कारण तिथे पहाऱ्याला उभे राहिले ते संसारी लोक. धर्मासाठी छळ सोसून मोरेव्हियातून आलेल्या निर्वासितांना काउंट त्सिन्त्सेनडोर्फ याने आपल्या जमिनीवर आसरा दिला. 1722 साली ख्रिस्तियान डाव्हिड या सुताराने पहिलं झाड पाडलं आणि गाव वसलं. पाच वर्षांत भांडणंही रंगली. 1727 च्या ऑगस्टमध्ये प्रभुभोजनाच्या एका उपासनेत मनं जुळली आणि त्याच महिन्याच्या 27 तारखेला 24 पुरुष आणि 24 स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले. कोणाला कोणता तास हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. वशिला नाही की मानपान नाही. चिठ्ठीत पहाटे तीन निघाले तर पहाटे तीन. ज्याने त्याने आपापल्या जागी प्रार्थना करायची आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांनी जमून कोणासाठी काय मागायचं ते समजून घ्यायचं.

आणि गाणं तर गावभर होतं. रात्रीचा पहारेकरीदेखील तास गाऊन सांगे. संध्याकाळच्या गायनसभेत एक विषय धरून वेगवेगळ्या गीतांतली कडवी एकापाठोपाठ गात; तीही पाठ, पुस्तक न उघडता. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत ट्रॉम्बोन वाजवण्याची प्रथा आजही आहे.

तासांची ही साखळी शंभर वर्षं तुटली नाही, असं मोरेव्हियन मंडळी सांगतात. 1732 साली याच गावातून एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांकडे धर्मप्रचाराला निघाले. त्यांच्या मागून जगभर माणसं गेली, त्यांतली काही आपल्या हिमालयातही पोचली. 2024 साली हेर्नहूट जागतिक वारशाच्या यादीत आलं, पण ही परंपरा पाहायला जर्मनीलाच जायला हवं असं नाही. लडाखच्या सहलीला जाल तेव्हा लेहमधल्या मोरेव्हियन चर्चमध्ये जरूर डोकावा. तिथलं मिशन 1885 सालचं आहे आणि मंडळी अजून नांदती आहे.