लहान कुत्र्यांचे दात : घरच्या घरी सफाई

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. २० वरच्या जबड्यात, २२ खालच्या. धिप्पाड अल्सेशियनच्या तोंडात जेवढे, तेवढेच दोन-तीन किलोच्या चिव्हावाच्या तोंडात. माणसाने निवडक पैदाशीतून कुत्रा लहान केला, त्याचा जबडा आखूड केला, पण दात त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. म्हणून लहान जातींत दात एकमेकांना खेटून, वेडेवाकडे उगवतात. पगसारख्या चपट्या तोंडाच्या जातीत तर वरच्या दाढा जागेअभावी चक्क आडव्या फिरून बसतात. अशा दातांच्या फटींत अन्न अडकते, केस अडकतात, आणि तिथली हिरडी आधी सुजते. खालच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची मुळे लहान कुत्र्यात हाडाच्या जवळजवळ तळाला टेकलेली असतात. हिरडीच्या रोगाने तिथले हाड झिजले, की पलंगावरून मारलेल्या साध्या उडीनेही जबडा मोडू शकतो. मोठ्या कुत्र्याच्या मानाने लहान कुत्र्याच्या दातांची काळजी जास्त घ्यावी लागते ती यामुळे.

आंदर मावळाच्या खोऱ्यात लहान कुत्री दोन वाटांनी आली. एक वाट फार्महाऊसची : पुण्या-मुंबईच्या मालकांसोबत शनिवार-रविवारी येणारे शिह त्झू, पग, ल्हासा आप्सो. दुसरी वाट गावातलीच. कान्हे फाट्यापासून टाकव्यापर्यंत आणि पुढे वडेश्वर, खांडीच्या बाजूलाही, ओसरीवर बांधलेले पांढरे झुबकेदार ‘पामेरियन’ आता नवलाचे राहिलेले नाहीत. गावात ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात, तो बहुतेक वेळा भारतीय स्पिट्झ असतो; पण दातांच्या बाबतीत दोघांची गत सारखीच. राखणीचे गावठी कुत्रे मजबूत जबड्याचे असते, आणि त्याच्या तोंडात कोणी डोकावत नाही. पामेरियन मात्र मांडीवर बसतो, तोंडाजवळ येतो, त्यामुळे त्याच्या तोंडाचा वास घरादाराला कळतो. वास येऊ लागला म्हणजे कुत्रे म्हातारे झाले, असे समजून लोक गप्प बसतात. ही समजूत चुकीची आहे. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला, ते दहा वर्षांचे असले तरी, सडका वास येत नाही. वास हा हिरडीच्या रोगाचा असतो, आणि तीन वर्षे ओलांडलेल्या बहुतेक कुत्र्यांत या रोगाची काही ना काही सुरुवात झालेली आढळते.

रोगाची चाल समजली की सफाईतले काय उपयोगाचे आणि काय व्यर्थ हे आपोआप कळते. स्वच्छ दातावर काही तासांतच जिवाणूंचे चिकट, डोळ्यांना न दिसणारे पुट चढते. ते तसेच राहिले तर लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात उतरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचे टणक किटण बनू लागते. पुट बोटावर गुंडाळलेल्या फडक्यानेही निघते. किटण कशानेही घासले तरी निघत नाही. घरच्या सफाईची सारी मदार या दोन-तीन दिवसांवर आहे. रोज घासणे उत्तम, दिवसाआड चालण्यासारखे. आठवड्यातून एकदा, रविवारी अंघोळीबरोबर, हा प्रकार मनाच्या समाधानापुरता. बोअरच्या जड पाण्याने दातांवर किटण चढते असे काही जण सांगतात. किटणातले क्षार प्रामुख्याने कुत्र्याच्या स्वतःच्या लाळेतून येतात, पाणी बदलून ते थांबत नाही.

कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे दात किडण्याचे प्रमाण कुत्र्यांत थोडे, किटण मात्र भरपूर. लाळेच्या मोठ्या ग्रंथीची नळी वरच्या जबड्यातल्या सर्वांत मोठ्या दाढेसमोर, गालाच्या आतून उघडते, म्हणून किटण आधी आणि जास्त त्याच दाढेवर जमते. कुत्र्याचा ओठ मागच्या बाजूला वर उचलून पाहिले, तर पुढचे सुळे पांढरेशुभ्र आणि ही दाढ तपकिरी खवल्यांनी झाकलेली, असे चित्र पुष्कळदा दिसते. समोरून हसरे दिसणारे तोंड पाहून दातांचा अंदाज बांधू नये.

खाण्याचाही यात वाटा आहे, पण मानला जातो तेवढा नाही. या खोऱ्यातल्या घरांत कुत्र्याचे जेवण म्हणजे दूधभात, दूध-भाकरी, आणि सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट. इथला भात बहुधा इंद्रायणीचा, म्हणजे वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या वाणाचा. सुवासिक, मऊ आणि चिकट. माणसाला जो गुण वाटतो तोच चिकटपणा खेटलेल्या दातांत अडकून राहतो. बाजारातले कोरडे खाद्य कुरकुरीत असते म्हणून त्याने दात साफ होतात, असे दुकानदार सांगतो. साधा दाणा दाताच्या टोकाशीच फुटतो, हिरडीच्या कडेपर्यंत घासला जात नाही, आणि रोग सुरू होतो तो त्या कडेला. दातांसाठी मुद्दाम बनवलेले मोठ्या आकाराचे, फुटण्याआधी दात आत रुतेल असे खाद्य थोडेफार काम करते. घासण्याची जागा तेही घेत नाही.

घासायला काय घ्यावे? लहान मुलांचा मऊ केसांचा ब्रश, डोके जितके लहान तितके बरे. बोटात घालायचा रबरी ब्रश सोपा वाटतो, पण तो हिरडीच्या कडेशी नीट पोचत नाही आणि दोन किलोच्या कुत्र्याच्या गालात मावतही नाही. सुरुवातीला धुतलेल्या जुन्या सुती धोतराचा तुकडा तर्जनीला गुंडाळून वापरावा. तो पुष्कळदा विकतच्या साधनांपेक्षा सरस ठरतो.

पेस्टचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण कुत्र्याला चूळ भरता येत नाही. तोंडात गेलेले सगळे पोटात जाते. माणसांच्या पेस्टमध्ये फेस आणणारी द्रव्ये आणि फ्लोराइड असते. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. हा गोडवा माणसाला निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने घसरते आणि जास्त गेल्यास यकृत निकामी होते. वजनाच्या किलोमागे सुमारे ०.१ ग्रॅम पोटात गेले तरी धोका सुरू होतो. तीन किलोच्या कुत्र्याला बिनसाखरेच्या च्युइंगमचे एखाद-दुसरे तुकडेही भोवू शकतात. घरात दात घासायला जे असते ते कुत्र्यालाही चालेल, या समजुतीला मावळात आणखी एक अपवाद ठळक अक्षरांत लिहायला हवा : मिश्री. तव्यावर काळपट भाजलेली तंबाखू ही शेवटी तंबाखूच. तिच्यातले निकोटीन लहान कुत्र्याला विष आहे. मिश्रीची डबी ओसरीच्या कट्ट्यावर राहते, तिथून ती उचलावी हे बरे. राखेने आणि कोळशाच्या पुडीने दातावरचे कवच खरवडले जाते, आणि कुत्र्याचे हे कवच माणसाच्या दातापेक्षा पातळ असते. मीठ चोळल्याने हिरडी सोलवटते. कडुलिंबाच्या काडीचे तुसे हिरडीत घुसतात.

कुत्र्यांसाठीची पेस्ट औषधांच्या आणि प्राण्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळते. तिला बहुधा कोंबडीचा स्वाद असतो, आणि इथे एक घरगुती अडचण उभी राहते. देहू-आळंदीच्या या मुलखात माळकरी घरे पुष्कळ. कोंबडीच्या स्वादाची नळी स्वयंपाकघराजवळ ठेवायला घरातल्या माणसांची तयारी नसते. त्यावर वाद घालण्याचे कारण नाही. पुट निघते ते घासण्याने. पेस्टचा मुख्य उपयोग कुत्र्याला ते काम आवडावे इतकाच. ब्रश साध्या पाण्यात बुडवून घासला तरी बहुतेक फायदा पदरात पडतो.

आता प्रत्यक्ष कृती. तिच्याआधी कुत्र्याची रेबीजची लस चालू आहे ना, हे पाहावे. लस न झालेल्या कुत्र्याच्या तोंडात बोट घालू नये. दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे, कुत्रे घरचे असले तरी.

वेळ निवांत असावी : फिरून आल्यावर, जेवण झाल्यावर. लहान कुत्र्याला मांडीवर आडवे, पाठ घासणाऱ्याच्या पोटाला टेकलेली, असे बसवावे. समोरून वाकून चेहऱ्यावर येणाऱ्या माणसाला कुत्रे बिचकते. पट्ट्याला धरून ठेवू नये; पामेरियनसारख्या जातींत श्वासनळी कमकुवत असण्याची शक्यता मोठी असते आणि गळ्यावरच्या दाबाने खोकल्याची उबळ येते. पगचे नाक-तोंड मुठीत आवळू नये, त्याला श्वास पुरत नाही. हनुवटीखाली तळहात पुरे.

पहिले काही दिवस ब्रश नकोच. ओठ उचलायचा, सोडायचा, आवडीचा तुकडा द्यायचा. मग फडक्याचे बोट बाहेरून दातांवरून फिरवायचे. हे अंगवळणी पडले की ब्रश. तोंड उघडायचे नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते आणि निम्मी झटापट तिथेच होते. जबडा मिटलेलाच राहू द्यावा, गालाचा मागचा भाग अंगठ्याने अलगद वर सरकवावा, आणि ब्रश बाहेरून आत सरकवून वरच्या मोठ्या दाढेवर टेकवावा. ब्रशचे केस हिरडीकडे तिरपे, साधारण ४५ अंशांत, म्हणजे टोके हिरडीच्या कडेखाली जरा शिरतात. तिथे लहान लहान गोल फिरवावेत, दाब लेखणीला देतात तितकाच. दाढांकडून सुळ्यांकडे यावे, मग दुसरी बाजू, मग खालची ओळ. पुढचे बारीक दात शेवटी, कारण तिथे कुत्र्याला सर्वांत जास्त गुदगुल्या होतात. प्रत्येक बाजूला अर्धे मिनिट पुरते. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते; ती घासण्याच्या हट्टापायी रोजचा क्रम मोडू नये.

सुरुवातीला ब्रशवर किंचित रक्त दिसले तर घाबरून थांबू नये; सुजलेली हिरडी स्पर्शाने रक्त देते आणि नियमित घासल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत सावरते. त्यानंतरही रक्त येत राहिले, किंवा घासताना कुत्रे विव्हळले, तर ब्रश बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. दुखऱ्या तोंडावर जबरदस्तीने ब्रश फिरवला तर कुत्रे ब्रशचा धसका घेते, आणि तो धसका पुढे वर्षानुवर्षे जात नाही.

पिल्लांची गोष्ट थोडी निराळी. त्यांना २८ दुधाचे दात असतात आणि साधारण सातव्या महिन्यापर्यंत ते पडून पक्के दात येतात. या काळात हिरड्या हुळहुळ्या असतात, म्हणून नुसते ओले फडके. लहान जातींत दुधाचा सुळा न पडता पक्का सुळा त्याच्या शेजारी उगवतो आणि एका जागी दोन सुळे दिसतात. हे भाग्याचे लक्षण वगैरे काही नाही. त्या फटीत घाण साठून पक्का दातही जातो. सातव्या महिन्यानंतर असा सुळा दिसला तर तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा.

चघळायला काय द्यावे यातही उत्साहाने नुकसान होते. अंगठ्याचे नख दाबून ज्यावर वण उठत नाही, ती वस्तू कुत्र्याच्या दातांसाठी फार टणक समजावी. मटणाच्या नळीने वरच्या मोठ्या दाढेची कपरी उडते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडाचे भाले होऊन ते घशात किंवा आतड्यात रुततात. परदेशांत चघळायला सांबर-हरणांची शिंगे विकतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांचा व्यापार बंद आहे, आणि दातांसाठीही ती वाईटच. लोणावळ्याहून आलेल्या पुड्यातली चिक्कीही कुत्र्याची नव्हे : ती कडक, चिकट, आणि मनुका किंवा चॉकलेट घातलेली असली तर थेट विषारी.

घरच्या सफाईच्या पलीकडे गेलेल्या रोगाच्या काही खुणा आहेत. कुत्रे एकाच बाजूने चावते, घास तोंडातून पाडते, पंजाने गाल चोळते, लाळेत रक्ताचा तांबूस धागा दिसतो. एका नाकपुडीतून सतत पू किंवा रक्त येणे हे वरच्या सुळ्याचे मूळ सडल्याचे लक्षण असू शकते. सर्वांत फसवी खूण डोळ्याखालची. तिथे सुपारीएवढी गाठ येते, फुटते, सुकते आणि महिन्याभराने पुन्हा येते. करवंदीचा काटा लागला असेल, गांधीलमाशी चावली असेल, असे म्हणून हळद भरली जाते. मूळ बहुधा वरच्या मोठ्या दाढेच्या सडलेल्या मुळाशी असते; दाढेचा इलाज होईपर्यंत ती गाठ येतच राहते.

एकदा किटण जमले, की ते काढण्याचे काम पशुवैद्याचे. गावातला गुरांचा दवाखाना बैल, गाई, म्हशी, शेळ्यांसाठी उभा आहे. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुताच्या लसी ही त्याची मोठी कामे. दातांच्या सफाईला भूल, हिरडीखालचे किटण काढणारे यंत्र आणि मुळांचा एक्स-रे लागतो, आणि हे पुणे-पिंपरीकडच्या लहान प्राण्यांच्या दवाखान्यांत मिळते. पावसाळ्यात खांडीकडून तिथवर जायचे म्हणजे एक दिवस मोडतो. भूल न देता नुसते खरवडून दात पांढरे करून देणारेही भेटतात. त्यात वरचे दिसणारे किटण जाते, हिरडीखालचे राहते, आणि दातावर उरलेल्या ओरखड्यांत नवे पुट आणखी लवकर धरते. हा खर्च वाया जातो.

हिरडीची सूज सफाईने मागे फिरते; झिजलेले हाड परत भरून येत नाही. म्हणून वर्षातून एकदा रेबीजच्या लसीसाठी कुत्र्याला नेले, की त्याच खेपेला डॉक्टरांना ओठ उचलून दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा पाहायला सांगाव्यात.