अभियांत्रिकी भौतिकी : एका पित्याच्या प्रश्नाच्या निमित्ताने



मी वकील, भौतिकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मजकडे आले. त्यांच्या मुलाने दहावी होताच ‘इंजिनीअरिंग फिजिक्स’चा ध्यास घेतला होता, आणि पित्याला वाटे, हा ना धड अभियंता होणार, ना धड शास्त्रज्ञ.

ही भीती निराधार आहे. पवई, दिल्ली व मद्रास येथील आय.आय.टी.मध्ये ही चार वर्षांची बी.टेक. पदवी आहे. तीत क्वांटम यांत्रिकी आणि विद्युत्चुंबकत्व शिकावे लागते, तद्वतच इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत हातही चालवावे लागतात. अर्धवाहक, लेसर, सूक्ष्म मोजमापाची उपकरणे ही तिची क्षेत्रे होत. पुढे संशोधनाचा मार्गही खुला राहतो. मात्र ज्याला गणिताचा कंटाळा आहे, त्याने केवळ ‘आय.आय.टी.’ या नावाला भुलून ही शाखा घेऊ नये.

अकरावी-बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवे. जेईई मेन व नंतर अॅडव्हान्स्ड अशा दोन परीक्षा; अॅडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येते. त्यात यश न आले, तर बी.एस्सी. करून ‘जॅम’ परीक्षेने तेथेच एम.एस्सी.स जाता येते. हा मार्ग कमी प्रतीचा नव्हे.

आता माझ्या प्रांतातील गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांचा हक्क केंद्रातही मान्य झाला. या संस्थांत अनुसूचित जातींस १५ टक्के जागा आहेत. शिकवणीची फीही माफ आहे, वसतिगृह व खाणावळीचा खर्च मात्र राहतोच. परंतु दाखला केंद्राच्या नमुन्यातील हवा आणि त्यावर अनुसूचीतील मूळ जातीचे नाव हवे. नुसते ‘नवबौद्ध’ लिहिलेला कागद तेथे अडतो. ज्या शब्दाचा आपण अभिमानाने त्याग केला तोच पुन्हा लिहवून घ्यावा लागतो, हे मनास बोचते, मलाही बोचले. तरी मुलाची जागा त्यापायी घालवू नका.

त्या गृहस्थांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ होते. आजोबांच्या शाळेतील जुन्या नोंदवहीचा उतारा मिळविण्यात चार महिने गेले. मुलगा अजून अकरावीत होता, म्हणून निभावले. आपल्या घरी दहावीचे मूल असेल, तर तो उतारा या सुटीतच मागवा.