घरातील संगणक-जाळे आणि शेजारधर्म



मुंबईच्या उपनगरांतील कोणतेही कुटुंब रात्री निजण्यापूर्वी दाराची कडी लावावयास विसरत नाही. परंतु त्याच घराच्या कोपऱ्यात ठेवलेला इंटरनेटचा राऊटर हेही एक दारच आहे आणि ते चोवीस तास जगाकडे उघडलेले असते, ही जाणीव अद्याप सर्वत्र रुजलेली नाही. ती रुजविण्याचे काम काही हौशी तंत्रप्रेमी आपल्या घरातील लहान लहान प्रयोगांतून करीत असतात. या प्रयोगांचे महत्त्व समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

गच्चीवरून आलेल्या तारा

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभी ती टेलिफोनच्या तारेवरून मिळे व काम संपताच जोडणी तोडली जाई. पुढे अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा भागांत केबलचालकांनी एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर तारा नेऊन घरोघर इंटरनेट पोचविले. जोडणी स्वस्त व अखंड झाली; परंतु अनेक ठिकाणी वस्तीतील सारे संगणक एकाच जाळ्यात येऊन बसले. एका घराने मोकळ्या ठेवलेल्या फाईली शेजारच्या इमारतीतील संगणकावर दिसू लागल्या. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला. कोणी काही न उघडताही ती एका संगणकातून दुसऱ्यात शिरे. तिला अटकाव करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने जुलैमध्येच उपलब्ध करून दिली होती. ती वेळीच बसविणारे बचावले, इतरांना झळ पोचली.

२००८ चा धडा

त्यानंतर बिनतारी वाय-फाय आले. त्याच्या लहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या जिन्यात, रस्त्यावर, शेजारच्या सदनिकेतही पोचतात. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल पोचला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत गेला. तेथील रहिवाशाचा त्या कटाशी संबंध नव्हता; त्याच्या असुरक्षित वाय-फायचा कोणीतरी परस्पर वापर केला होता. त्याच वर्षी १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या जोडणीवरून गेल्याचे आढळले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातील असुरक्षित वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने अशा जोडण्या सुरक्षित करण्याबाबत सूचना दिल्या. एका घराचे उघडे दार संपूर्ण समाजाला किती महाग पडू शकते, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

हौशी प्रयोगांतून शिक्षण

तंत्रप्रेमी व्यक्तीचा पहिला प्रयोग अगदी साधा असतो. राऊटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या साधनांची यादी तो पाहतो. दोन-तीन साधने असतील असा अंदाज असतो. यादीत मात्र दूरदर्शन संच, छपाई यंत्र, दारावरचा कॅमेरा आणि कधी एखादे अनोळखी साधनही सापडते. दुसऱ्या प्रयोगात अडगळीतील जुन्या संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून व लिनक्स प्रणाली घालून त्याला पहारेकरी बनविले जाते. येणारी प्रत्येक विचारणा तो तपासतो व नोंदवून ठेवतो. एका रात्रीची नोंदवही चाळली तरी दूरदेशीची अनोळखी यंत्रे घरांची दारे सतत ठोठावत असतात, हे ध्यानात येते. तिसरा प्रयोग स्वतःच्याच जुन्या राऊटरवर केला जातो. ‘वेप’ नावाच्या जुन्या संरक्षणपद्धतीतील दोष २००१ मध्येच उघड झाले होते. तिचा पासवर्ड काही मिनिटांत उलगडतो. एकदा हे पाहिलेला माणूस डब्ल्यूपीए-२ अथवा डब्ल्यूपीए-३ ही नवी पद्धत वापरण्यास विसरत नाही.

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवणे हा सर्वांत मोठा धोका होय. २०१६ मध्ये ‘मिराई’ने असे सुमारे साठ ठरावीक पासवर्ड आजमावून जगभरातील असंख्य कॅमेरे व राऊटर ताब्यात घेतले. अशाच साधनांच्या फौजेमुळे त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी अनेक मोठी संकेतस्थळे काही तास विस्कळीत झाली. साधनांच्या मालकांना मात्र त्याचा पत्ताही नव्हता.

जिज्ञासेची मर्यादा

हे सारे प्रयोग स्वतःच्या जाळ्यापुरतेच करावयाचे असतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात अप्रामाणिक हेतूने विनापरवाना शिरणे हा तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांस पात्र असा अपराध आहे. शेजाऱ्याचे वाय-फाय उघडे दिसल्यास त्यात न डोकावता त्यास सांगणे, हाच खरा शेजारधर्म.

गावापर्यंत पोचलेला प्रश्न

हा विषय आता उपनगरांपुरता राहिलेला नाही. भारतनेट योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशीय तंतूंचे जाळे नेण्यात येत आहे. ग्रामपंचायतीच्या संगणकावर दाखले, कराच्या नोंदी आणि नागरिकांची माहिती असते. शाळेच्या संगणकावर मुलांची. म्हणून काही साधी पथ्ये सर्वांनीच पाळावीत. राऊटरचा मूळ पासवर्ड बदलावा आणि नवा पासवर्ड लांब ठेवावा. पाहुण्यांसाठी व कॅमेऱ्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात. महत्त्वाच्या नोंदींची प्रत जाळ्यापासून अलग जपावी. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

यांपैकी बहुतेक गोष्टींना खर्च लागत नाही. लागते ती शिस्त आणि थोडी जिज्ञासा. एखाद्या शिक्षकाने वर्गात राऊटरची यादी उघडून दाखविली, एखाद्या ग्रामसेवकाने कार्यालयाचा पासवर्ड आजच बदलला, तरी त्यायोगे त्या गावाचे एक दार नीट बंद होईल.