बांधावरचा करंज आणि जीपमधलं डिझेल



शेतातल्या तेलावर इंजिन चालतं का? चालतं. १९०० सालीच पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. प्रश्न आहे तो खर्चाचा.

आम्ही करून पाहिलं. करंजाचं तेल गाळून तसंच जीपमध्ये ओतलं. तीन आठवडे ऐटीत फिरलो, मग नोझल चोंदलं. कच्चं तेल दाट, ते पुरतं जळत नाही. मग रीतसर केलं. शंभर लिटर तेलाला वीस लिटर मिथेनॉल, त्यात कॉस्टिक सोडा विरघळवून, साठ अंशापर्यंत तापवून ढवळायचं. ग्लिसरीन खाली बसतं. वरचं धुऊन, त्यातलं पाणी काढून टाकीत. पण आमचं तेल जुनं, आंबलेलं. त्याचा साबणच झाला! आणि मिथेनॉल म्हणजे विष, पोटात गेलं तर डोळे जातात. वाफ पेट घेते. घरात, चुलीजवळ हा उद्योग नको.

आता हिशेब. घाण्यावर चार किलो बियांना जेमतेम किलोभर तेल. वेचायची मजुरी धरली की डिझेल परवडतं. सरकीचं तेल सोपं, पण ते खायचं. महाग माल जाळून स्वस्त कशाला वाचवायचा?

२००३ नंतर मोगली एरंड लावायला सांगितलं. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचं ठरलं. झालं नाही. कोरडवाहू रानात झाड जगतं, बी धरत नाही. ज्वारीचं रान त्यासाठी मोडू नका.

बांधावर करंज आहे त्यांनी यंदा किती बिया निघाल्या, मजुरी किती गेली, ते पुढच्या बैठकीला लिहून आणावं.