दगडातून उठलेला चेहरा



आज ज्या दागिन्याविषयी बोलायचे आहे, तो आपल्याकडच्या सराफाच्या पेटीत सहसा सापडायचा नाही. कॅमिओ हे त्याचे नाव. नखाएवढा किंवा तळहाताएवढा दगड, त्याची गडद पाठ आणि तिच्यातून उठलेला पांढरा चेहरा, बहुधा एका बाजूने पाहणारा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या छायाचित्रांत स्त्रियांच्या गळ्याशी लंबगोल पिन दिसते, ती पुष्कळदा हीच असते.

या चेहऱ्याला रंग लावलेला नसतो आणि तो वरून चिकटवलेलाही नसतो. दगडातच एकावर एक थर असतात. कारागीर वरचा पांढरा थर चेहऱ्यापुरता राखतो आणि बाकीचा झिजवून खालचा तपकिरी उघडा करतो. गालावर थर जाड ठेवला की गाल शुभ्र दिसतो. कानामागे तो पातळ केला की खालचा रंग झिरपतो आणि निळसर सावली पडते. केसांची वळणे, मानेवरची सावली, कपड्याची चुणी, सगळे केवळ जाडीच्या हिशेबाने साधायचे.

पेणच्या लोकांना हे चटकन कळेल. तुमच्या कारखान्यांत गणपतीची मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते आणि शेवटी डोळ्यांची आखणी होते. आखणी झाली की मूर्ती आपल्याकडे पाहू लागते. कॅमिओच्या कारागिराला आखणीची मुभाच नाही. त्याला पापणीखाली इतकीच खोल खाच घ्यावी लागते की तळचा तपकिरी रंग जेमतेम डोकावेल आणि बुबुळ दिसेल. केसभर जास्त खोल गेले तर शाडू थापून भरून काढायची सोय नाही. शिवाय हा दगड पोलादी पात्याला दाद देत नाही. कुरुंदाची पूड तेलात कालवून, फिरत्या सळईच्या टोकाने तो हळूहळू झिजवावा लागतो. एका मोठ्या कॅमिओवर वर्षे जात.

आता हा दगड कुठला, ते पाहू. आपला रायगड जिल्हा ज्या काळ्या कातळावर बसला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिले आणि थरावर थर बसत गेले. तोच अकीक. त्याचे थर सरळ, समांतर असले तर कॅमिओला लागणारा सुलेमानी दगड मिळतो. दख्खनच्या पठारावर नद्यांच्या पात्रांत आणि शेतांच्या बांधांवर असे खडे आजही पायाला लागतात.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने हिंदी महासागराच्या व्यापाराची मार्गदर्शिका लिहिली. पेरिप्लस म्हणून ती ओळखली जाते. लेखकाचे नाव टिकलेले नाही, पण त्याची नजर व्यापाऱ्याची आहे. तो सांगतो की पैठणहून सुलेमानी दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोच बंदरात नेतात. त्याच ग्रंथात भडोचच्या दक्षिणेची बंदरे क्रमाने येतात. कल्याणनंतर येते सेमिल्ला, म्हणजे आपले चौल. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, ते रेवदंडा-चौलचे मुख सुमारे 2000 वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. चौलनंतर मंदगोरा येते. ते राजपुरीच्या खाडीवरचे मांदाड असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तिथून जवळच कुड्याची लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत दान देणारे लोखंडाचे व्यापारी, माळी, वैद्य भेटतात. राजांच्या वंशावळीपेक्षा मला ही नावे अधिक मोलाची वाटतात, कारण बंदर चालवणारा समाज त्यांत दिसतो.

इथे एक प्रश्न पडतो. पैठणहून नाणेघाटाने कल्याण जवळ पडते. मग दगड भडोचपर्यंत का जात होता? उत्तराचा धागा पेरिप्लसमध्येच आहे. कल्याणला चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे त्यात म्हटले आहे. एकीकडे पैठणचे सातवाहन, दुसरीकडे भडोचचा क्षत्रप नहपान, आणि दोघांचा डोळा याच व्यापाराच्या जकातीवर. पैठणच्या दगडाचा तो वळसा मला या भांडणाचा परिणाम वाटतो.

हा दगड रोममध्ये पोचल्यावर काय झाले? रोमन लेखक प्लिनीने रत्नांवर सविस्तर लिहिले आहे. हा थरांचा दगड रोममध्ये प्रथम मिरवला तो हॅनिबलचा पराभव करणाऱ्या स्किपिओ आफ्रिकानसने, असे तो म्हणतो. प्लिनीचे एक वाक्य आपल्याविषयी आहे. भारतात साधी माणसे हा दगड भोक पाडून नुसता गळ्यात घालतात, असे तो नोंदवतो. आपण त्याचे मणी केले आणि रोमनांनी त्यात चेहरे पाहिले. यात कमीपणा काही नाही. अकिकाला आरपार बारीक भोक पाडणे हे सिंधू संस्कृतीपासून चालत आलेले कसब आहे आणि ते कोरीव कामाइतकेच अवघड आहे.

रोमन कॅमिओचे दोन नमुने सांगतो. व्हिएन्नातल्या ‘गेम्मा ऑगस्टिया’वर सम्राट ऑगस्टस देवांच्या पंक्तीत बसला आहे. हा दोन थरांचा दगड सुमारे 19 सेंटीमीटर उंच आणि 23 सेंटीमीटर रुंद आहे. पॅरिसचा मोठा कॅमिओ पाच थरांचा आणि 31 सेंटीमीटर उंच आहे. त्यात स्वर्गस्थ पूर्वज, सत्तेवरचे सम्राट आणि तळाशी जिंकलेले लोक अशा तीन पातळ्या आहेत. असा दगड बाजारात विकत नसत. तो राजवाड्यात निवडक लोकांना दाखवला जाई. म्हणूनच त्यावर सम्राटाला उघडपणे देव करता आले. रोमच्या चौकातल्या पुतळ्यांत ऑगस्टस इतके धाडस करत नसे.

साम्राज्य गेले तरी दगड राहिले. आखेनच्या सुमारे 1000 सालच्या सोन्याच्या क्रुसावर मधोमध ऑगस्टसचा कॅमिओ बसवला आहे. पॅरिसचा मोठा कॅमिओ मध्ययुगात चर्चच्या खजिन्यात होता, आणि त्यावरचे सम्राटाचे दृश्य म्हणजे बायबलातल्या योसेफाचा इजिप्तमधला गौरव, असे भाविक समजत. ज्या काळाला जे हवे होते, ते त्याने त्याच दगडात पाहिले.

दगड इकडून गेला, तशी एक गोष्ट तिकडून इकडेही आली. ती म्हणजे बाजूने दिसणारा चेहरा. तेर येथे आणि दख्खनच्या इतर उत्खननांत रोमन नाण्यांवरून उतरवलेली मातीची पदके मिळाली आहेत. दोरा ओवायला त्यांना कडी आहे, म्हणजे ती गळ्यात घालण्यासाठीच होती. सम्राटाचे नाव ज्याला वाचता येत नव्हते, अशा कुणीतरी त्याचा चेहरा मातीत उठवून अंगावर घातला. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरही त्याचा चेहरा बाजूनेच आहे आणि भोवती मोडकी ग्रीक अक्षरे आहेत. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी 13 हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला आहे. पुढे सातवाहनांनी स्वतःची चेहरेवाली चांदीची नाणीही पाडली. ज्याला हरवले, त्याची चेहरा दाखवण्याची रीत विजेत्याने उचलली. मूर्तिकलेत आपली ओढ समोरून, पूर्ण डोळ्यांनी पाहणाऱ्या देवतेकडे असते. एका डोळ्याचा हा चेहरा नाण्यांवर टिकला, देव्हाऱ्यात फारसा आला नाही.

यानंतरची शतके भराभर ओलांडतो. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने जुने कॅमिओ ध्यास घेऊन जमवले. मुघल दरबारात युरोपातून भेटवस्तू आल्या आणि शाहजहानच्या काळात कॅमिओ भारतातही कोरले गेले. पॅरिसच्या संग्रहात एक कॅमिओ आहे, त्यात शाहजहान सिंहावर तलवार उगारून एका माणसाला वाचवतो आहे. रीत युरोपची, पण पगडी, जामा आणि कंबरेचा पटका इथला.

1804 साली नेपोलियनने राज्याभिषेकासाठी जो मुकुट घडवून घेतला, त्यावर जुने कॅमिओ जडवले होते. स्वतःला रोमन सम्राटांचा वारस म्हणवायला त्याला ते दगड हवे होते. पत्नी जोसेफिननेही कॅमिओचे दागिने घातले आणि सारे युरोप त्यामागे लागले. या काळातला चेहरा ओळखायला सोपा. कपाळ आणि नाक एकाच सरळ रेषेत, कारण ग्रीक पुतळ्यांचा तो आदर्श होता.

मागणी वाढली, पण दगड महाग आणि काम संथ. त्यावर उपाय सापडला समुद्रात. मोठ्या शंखांच्या काही जातींत वर पांढरा आणि आत तपकिरी किंवा गुलाबी थर असतो. शंख दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो, हातातल्या पोलादी कोरणीने कोरता येतो. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको या गावाने हे काम आपले केले. 1878 साली तिथे कोरीव कामाची शाळा निघाली आणि गाव आजही या कामासाठी ओळखले जाते. पाँपेई पाहायला आलेले प्रवासी परतताना तिथला कॅमिओ घेऊन जात. सम्राट आणि देवता मागे पडल्या आणि फुले माळलेली, कुरळ्या केसांची कुणीतरी मुलगी पुढे आली. नाकही बदलले. ग्रीक सरळ रेषा सुटली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला थोडे वर वळलेले नाक आवडू लागले. 1920 नंतरच्या कॅमिओवर आखूड केस दिसतात. म्हणून जुना कॅमिओ हाती आला तर आधी केशरचना पाहावी. कोरणारा काहीही कोरत असला तरी भोवतालच्या बायका केस कसे बांधतात, ते त्याच्या हातून उतरतेच.

कॅमिओ दगडाचा, शंखाचा की प्लास्टिकचा, हे ओळखायचे असेल तर तो उजेडासमोर धरा. शंखातून उजेड आरपार येतो आणि त्याची पाठ किंचित खोलगट असते. दगड गालाला लावला तर गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो. प्लास्टिक लगेच ऊब धरते, आणि भिंगातून पाहिले तर त्याच्या कडेला साच्याची रेघ सापडते.

आणि आता मनातले बोलतो. आज अकिकाचे काम गुजरातेत खंभातला चालते. तिथले कारागीर दगड उन्हात आणि भट्टीत तापवून त्याचा पिवळट रंग तांबडा करतात, मणी घडवतात. दगड घडवणारे हात तिथे आहेत, आणि चेहरा उठवणारे हात इथे पेणमध्ये आहेत. गणपतीचा हंगाम संपल्यावर कारखान्यातल्या दोन तरुण मुलांनी थोडे दिवस खंभातला जाऊन कुरुंद आणि सळई हाताळून पाहावी, असे मला फार वाटते. सुरुवात शंखावर केली तरी चालेल, तो चुका सोसतो. पहिला चेहरा कुणाचा कोरायचा, हे त्यांनीच ठरवावे. फक्त तो आपल्याकडे रोज दिसणाऱ्या माणसाचा असावा, ग्रीक नाकाचा नको.