डब्यात पाणी गेलं, चूक कोणाची?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. भाव पडलेला असला की आपण त्यावर बोलतो आणि चढलेला असला की विसरतो, ते पुढच्या बैठकीत बघू. आज एका डब्यावर बोलायचं आहे. सौर पंपाच्या पॅनेलखाली खांबाला जो डबा लावलेला असतो, ज्याला कंट्रोलर म्हणतात, त्या डब्यावर.

गेल्या ऑक्टोबरात एका गावात गेलो होतो. विहिरीवर तीन हॉर्सपॉवरचा सौर पंप. सप्टेंबरात पाऊस झोडपून गेला आणि ऐन बोंडं भरायच्या वेळी डबा बंद पडला. विहिरीत पाणी, माथ्यावर ऊन, आणि कपाशी माना टाकते आहे. कंपनीचा माणूस आला, झाकण उघडलं आणि म्हणाला, "आत पाणी गेलंय. ग्राहकाची चूक. हे वॉरंटीत बसत नाही." शेतकऱ्याने मला विचारलं, "साहेब, डबा वावरात लावला म्हणजे पाऊस लागणारच ना? मी काय त्याला देवघरात ठेवायचा होता?"

मी शेतकी शिकलो, इलेक्ट्रॉनिक्स नाही. पण हा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला. आमच्या कॉलेजच्या बियाणे प्रयोगशाळेत सोयाबीनचं बी ४१ अंश सेल्सियसला, जवळजवळ शंभर टक्के दमट हवेत ७२ तास कोंडून ठेवायचे आणि मग उगवण तपासायचे. गोदामात कित्येक महिने पडून बियाचे जे हाल होतात, ते तीन दिवसांत करून बघायचे. जोमदार बी त्यातून तरतं, कमजोर मरतं. इलेक्ट्रॉनिक्सवाले नेमकं हेच करतात, फक्त त्यांची भट्टी जास्त कडक असते.

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध परीक्षा म्हणजे ८५-८५. तापमान ८५ अंश, हवेतली आर्द्रता ८५ टक्के, आणि मुदत १००० तास, म्हणजे जवळपास ४२ दिवस रात्रंदिवस. बारीक चिप असो की सौर पॅनेल, दोघांनाही ही परीक्षा आहे. पॅनेलला त्याशिवाय उणे ४० ते अधिक ८५ अंशांचे २०० फेरेही सोसावे लागतात. म्हणून आपल्या पॅनेलमागच्या पट्टीवर आय. एस. १४२८६ हा आकडा आहे का ते बघा. तो असला तर त्या जातीचं पॅनेल ही परीक्षा देऊन आलेलं असतं.

उष्णतेने रासायनिक क्रिया किती वेगाने वाढते याचं गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८८९ मध्ये मांडलं. त्यात दमटपणा धरून हिशेब कसा करायचा हे स्टुअर्ट पेक या अमेरिकी तज्ज्ञाने १९८६ मध्ये दाखवलं. सूत्रं बाजूला ठेवू. आपल्याला एक ठोकताळा पुरे.

डब्यातल्या कार्डावर छोट्या गोल डबीसारखे कपॅसिटर असतात. त्यांच्या पोटात ओलसर द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू उडून जातो आणि कपॅसिटर वाळतो. बनवणारे आयुष्य सांगतात ते असं: १०५ अंशांना २००० तास. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. आता करा हिशेब. कपॅसिटर ८५ अंशांना राहिला तर ८००० तास, ७५ ला १६००० आणि ६५ ला ३२०००. पंप दिवसाला ७ तास, वर्षात ३०० दिवस चालला तर वर्षाचे २१०० तास होतात. म्हणजे ८५ अंशांना तो पावणेचार वर्षं टिकतो, ७५ ला साडेसात, ६५ ला पंधरा. वर्षभर तो एवढा तापत नाही, हे खरं. पण आपल्याकडे मे महिन्यात सावलीतली हवाच ४५ अंशांची असते, उन्हातल्या लोखंडी डब्याला तर हात लावून बघा, आणि आत कार्डाची स्वतःची उष्णता वेगळी. सरकारी योजनेत दुरुस्तीची हमी पाच वर्षांची आहे. डबा त्याच्या आत जाणार की नंतर, हे कधीकधी एवढ्याशा दहा अंशांवर ठरतं. दहा अंश म्हणजे काय? डबा पॅनेलच्या सावलीत लावला की उघड्यावर, एवढाच फरक!

आता ओल. पाऊस सरळ आत जातो असं आपण समजतो. पुष्कळदा तसं नसतं. दिवसा डबा तापतो, आतली हवा फुगून बाहेर जाते. रात्री गार होतो, बाहेरची दमट हवा आत ओढतो. डबा श्वास घेतो म्हणा. त्या हवेतली वाफ पहाटे कार्डावर दव होऊन बसते. दवात धूळ आणि खताची भुकटी मिसळली की वीज वाट सोडून तिथून झिरपते, तांबं हिरवं पडतं. म्हणून एका चाचणीत दमट हवेत तापमान दिवसातून एकदा चढवतात आणि एकदा उतरवतात. आपला श्रावणच तो, प्रयोगशाळेतला.

डब्यावर आय. पी. ६५ असं लिहिलेलं असतं. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. पाच म्हणजे नळीने पाण्याचा फवारा मारला तरी बिघाड होत नाही. चाचणीत मिनिटाला साडेबारा लिटर पाणी निदान तीन मिनिटं मारतात. पण ही परीक्षा नव्या, नीट बंद केलेल्या डब्याची असते. ती काही मिनिटांची असते, तीन पावसाळ्यांची नव्हे. आणि बसवणाऱ्याने केबलसाठी भोक पाडून ते उघडं ठेवलं, की त्या क्षणी ६५ हा आकडा फक्त रंगवलेला आकडा उरतो.

त्या गावातल्या डब्याचं हेच झालं होतं. आम्ही झाकण काढलं. तळाला दोन भोकं. एकातून केबल आलेली, पण तिला ग्लँड नाही. दुसरं तसंच उघडं, त्यातून मुंग्यांनी माती आत नेलेली. झाकणाची रबरी पट्टी एका कोपऱ्यात दुमडलेली. शेतकऱ्याने डबा कधी उघडला नव्हता, पाना नव्हताच त्याच्याकडे. आम्ही भोकांचे, पट्टीचे आणि डब्यावरच्या आकड्यांचे फोटो काढले आणि अर्जात एवढंच लिहिलं: हा डबा ६५ चा आहे असं तुम्हीच म्हणता, पंप तुमच्याच माणसाने बसवला, तर भोक कोणाचं? तीन आठवड्यांनी नवा डबा आला.

आपल्याही चुका असतात, त्या झाकायच्या नाहीत. काळजीपोटी पुष्कळजण डब्याला प्लास्टिक गुंडाळतात. त्याने उष्णता कोंडते आणि ओलही कोंडते. गुंडाळू नका. डब्याच्या मागून वारा खेळू द्या. केबल खालून आत घ्या आणि तिला झोळ द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून डब्यात न जाता खाली टपकेल. युरियाची पोती त्याच्या बुडाशी रचू नका.

पंप बसवायला माणसं येतील त्या दिवशी घरचं कोणीतरी शिकलेलं पोर किंवा पोरगी उभी करा. ग्लँड बसली का, रिकामी भोकं बुजवली का, डबा सावलीत आला का हे बघूनच कागदावर सही करा. उष्णता आणि ओल यांचा चाचणी अहवाल मागा, कोणत्या प्रयोगशाळेचा आणि कोणत्या मॉडेलचा ते वाचा. मुंबईत केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स चाचणीची प्रयोगशाळा आहे, अशा चाचण्या या देशात होतात. "अहवाल हेड ऑफिसला आहे" हे उत्तर मलाही मिळालं आहे. तेच उत्तर लेखी मागा.

त्या शेतकऱ्याचं एक सांगायचं राहिलं. नवा डबा आला तेव्हा बोंडं भरायची वेळ निघून गेली होती. डब्याची भरपाई झाली, हुकलेल्या पाण्याच्या पाळीची नाही. अर्जाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही. तो रकाना घालून घ्यायचा आहे. त्यासाठी या हंगामात ज्यांचा डबा बंद पडला त्यांनी तारीख, बंद राहिलेले दिवस आणि पिकाची अवस्था लिहून पुढच्या बैठकीला आणा. डब्याच्या तळाचा फोटोही आणा.